धागा तुटला की माग थांबतो (टोयोडांचा माग ते भाजीवाल्याचा क्यूआर)

पाटीपेन्सिल | शनिवार, रात्री ९:४०

जपानवर मराठीत दोनच तऱ्हेचं लिहिलं जातं. एक तर गाडी अर्धा मिनिट उशिरा आली म्हणून रेल्वेने माफी मागितल्याच्या कथा, नाहीतर व्हॉट्सॅपवरचं इकिगाई. दोन्हींचा वीट आलाय म्हणून हा धागा काढते आहे. विषयही धाग्याचाच आहे, सुताच्या.

मी नागोयात साडेतीन वर्षं होते, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत. नागोया स्टेशनापासून मेइतेत्सुच्या गाडीने एकच स्टेशन पुढे साको. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर टोयोडांची लाल विटांची जुनी गिरणी आहे. १९९४ पासून तिथे उद्योग आणि तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे. मी गाड्या बघायला गेले आणि दुपारभर मागांपाशीच अडकले.

तिथे १९२४ सालचा 'जी' जातीचा स्वयंचलित माग चालवून दाखवतात. चालवणाऱ्या बाईंनी आधी नुसतं विणून दाखवलं. खडखडाट एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मग त्यांनी ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा बोटाने तोडला. शेकडो धाग्यांतला एक. माग गप्पकन थांबला. त्यांनी गाठ मारली, दांडा ओढला, पुन्हा खडखडाट सुरू. थोड्या वेळाने धोट्यातलं, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेतो त्यातलं, सूत संपत आलं. आता थांबेल म्हणून मी बघत राहिले, तर थांबलाच नाही. संपत आलेला धोटा बाहेर पडला, भरलेला आत गेला आणि विणणं चालूच.

ताण्यासाठीची युक्ती अगदी साधी आहे. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी टांगलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर. तुटला की पट्टी खाली घसरते, खालच्या हलत्या दांड्याच्या आड येते आणि माग बंद पडतो.

साकिची टोयोडा १८६७ चे, शिझुओका प्रांतातल्या, आताच्या कोसाईतल्या एका खेड्यातले. वडील सुतार, आई मागावर विणायची. १८९१ मध्ये त्यांनी पहिलं पेटंट घेतलं ते एका हाताने चालवता येणाऱ्या लाकडी हातमागाचं. १८९६ मध्ये लाकूड-लोखंडाचा यंत्रमाग केला. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला किंवा संपला की तो आपोआप थांबायचा. 'जी' माग त्यांनी मुलगा किइचिरो याच्याबरोबर केला आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क घेण्याचा करार केला, एक लाख पौंडांना. सबंध जगाला माग विकणारी कंपनी ती! त्या पैशाचा किइचिरोच्या मोटारीच्या वेडाला आधार झाला असं टोयोटावाले सांगतात. १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग निघाला, १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी, तीच टोयोटा.

इथवर यंत्राची गोष्ट झाली. पुढे ताइइची ओनो नावाचा गिरणीतला माणूस १९४३ मध्ये मोटार कारखान्यात आला आणि मागाचा नियम त्याने माणसांच्या लाइनला लावला. काही चुकलं तर कोणीही कामगार डोक्यावरची दोरी ओढेल. आमच्याकडेही ती होती. ओढली की लगेच सगळं बंद पडत नाही. पाटीवर दिवा लागतो, त्या विभागाची ठरलेली धून वाजते, टीम लीडर धावत येतो. ठरावीक खुणेपर्यंत गाडी पोचेस्तोवर प्रश्न सुटला तर लाइन चालू राहते, नाही सुटला तर थांबते.

माझा प्रश्न असा: हे जपानी संस्कृतीतून आलंय, की कोणीही उचलावं असं नुसतं तंत्र आहे? माझं मत आहे, पण आधी तुमचं ऐकते.

तिरफळ | शनिवार, रात्री १०:०५

वाचतोय. इकिगाईला हाणल्याबद्दल एक जास्तीचा लाइक. आमच्या सोसायटीत एक काका पहाटे सहाला इकिगाई सांगतात आणि साडेसहाला पार्किंगवरून भांडतात.

कांजीवडा | शनिवार, रात्री ११:१२

पुण्यात जपानी शिकवते, म्हणून जरा अक्षरांचं.

ओनोंच्या या तत्त्वाला 'जिदोका' म्हणतात. साध्या जपानीत जिदोका म्हणजे स्वयंचलन, आणि त्यातल्या 'दो' या अक्षराचा अर्थ हलणं. टोयोटावाले मात्र तिथे त्याच उच्चाराचं दुसरं 'दो' लिहितात. अक्षर तेच, फक्त डावीकडे माणसाची खूण, म्हणजे दोन फराटे जास्तीचे. अर्थ होतो काम करणं. बोलताना फरक कळतच नाही, कागदावर दिसतो. नुसतं हलणारं यंत्र वेगळं आणि काम करणारं वेगळं. गंमत म्हणजे हे माणूस चिकटवलेलं अक्षर चीनहून आलेलं नाही, ते जपान्यांनी घरीच केलेलं आहे.

आणि दोरी ओढल्यावर दिवा लागतो त्या पाटीला म्हणतात 'अंदोन', मूळ अर्थ कागदी कंदील. मालाच्या चिठ्ठ्यांच्या पद्धतीला म्हणतात 'कानबान', मूळ अर्थ दुकानाची पाटी. आपल्याकडे हे शब्द मॅनेजमेंटच्या स्लाइडवर झळकतात तेव्हा काहीतरी गूढ वाटतं. तिथे ते घरातलेच शब्द.

टोयोडाचं टोयोटा का झालं, तर १९३६ मध्ये बोधचिन्हासाठी स्पर्धा घेतली, त्यातून. 'दा'वरची दोन टिंबं गेली की काताकाना लिपीत बरोबर ८ फराटे होतात. आठ शुभ. क्रांतिकारी तंत्रज्ञान वगैरे ठीक, पण पाटी रंगवताना आपल्यासारखेच.

जुनाट_गिरणी | रविवार, सकाळी ८:३०

लेख छान, पण जरा दोरी ओढतो.

बाणा तुटला की माग थांबवणारा काटा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या मागांना १८४० च्या दशकातच आला होता. धोट्यातली कांडी (सुताची गुंडाळी) आपोआप बदलणारा नॉर्थ्रॉपचा माग अमेरिकेत १८९० च्या दशकात विकला जात होता, ताणा तुटल्यावर थांबायच्या सोयीसकट. साकिची स्वतः १९१० मध्ये अमेरिका-युरोपातल्या गिरण्या बघून आले. युद्धानंतर १९५० मध्ये जपानी इंजिनिअरांना गुणवत्तेचं संख्याशास्त्र शिकवायला डेमिंग आले तेही अमेरिकेतून. मग यात 'जपानी' काय?

दुसरं. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. १९३० च्या दशकात जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्यांच्या नाकी नऊ आणले. सरकारने जकात वाढवली, १९३३ मध्ये जपानी गिरणीवाल्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला, शेवटी १९३४ मध्ये करार झाला. यश सगळं मागाचं होतं का? तिथल्या गिरण्यांत खेड्यातून आणलेल्या मुली वसतिगृहात राहून राबत होत्या. बायकांची रात्रपाळी बंद झाली ती १९२९ मध्ये. हे संग्रहालयातल्या बाई सांगतात का?

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी ९:१५

@जुनाट_गिरणी, मुलींबद्दल बरोबर आहे तुमचं. माझ्या लेखात ते यायला हवं होतं.

नॉर्थ्रॉपचंही मान्य. फरक एवढाच की तो धोट्यातली कांडी बदलतो आणि टोयोडांचा माग अख्खा धोटा बदलतो. पण पहिला कोण यावर माझा जोर नव्हता. लँकेशायरमध्ये काटा आल्यावर शंभर वर्षांत कोणी म्हटलं नाही की हीच सोय कामगारालाही द्या. तिथे थांबणं हे कापड वाचवायचं साधन होतं. ओनोंनी विचारलं, थांबलं ते का थांबलं? आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा का? असं पाच वेळा. माग पुन्हा चालू करणं हे त्यांच्या लेखी निम्मंच काम.

खर्चीवाला | रविवार, दुपारी १:५०

इचलकरंजीतनं लिहितोय. लिहिणारा न्हाई मी, वाचणारा आहे, पण मागाचा विषय निघाला म्हणून.

आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. माझ्या आज्ज्याकडं चार साधे माग होते. कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या भोकातनं सूत तोंडानं ओढून घ्यायचं. दिवसाकाठी शेकडो वेळा. कापसाचं तूस छातीत. आज्जा शेवटची दहा वर्षं नुसता खोकत होता. धोटा आपोआप बदलतो म्हणता, ते वाचून मी जरा वेळ गप बसलो.

साध्या मागाला ताणा तुटल्याची खबर नसती. सगळं कामगाराच्या नजरेवर. एकजण सहा-आठ माग बघतो. तो आठव्यापाशी असताना पहिल्यात धागा गेला तर हातभर कापडात रेघ. मग मेंडिंगला, म्हणजे कापड तपासून दुरुस्त करताना, सापडतं आणि व्यापारी पैसे कापून घेतो. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी पिकावर, म्हणजे बाण्याच्या फेऱ्यांवर. पिक पडत राहिला पाहिजे. माग थांबला तर शेडचं भाडं थांबत न्हाई, बँकेचा हप्ता थांबत न्हाई. म्हणून आमच्यात थांबणं म्हणजे नुकसान, एवढंच शिकवलेलं.

शेजारच्या शेडात आता एअरजेट आलेत, हवेच्या झोतानं बाणा फेकणारे माग, टोयोटाचेच. मिनिटाला सातशेच्या वर पिक. माझे साधे माग एकशेतीस-चाळीस. त्या एअरजेटवर रंगीत दिव्यांचा खांब असतो, ताणा तुटला की एक दिवा, बाणा गेला की दुसरा. कामगार मागाकडं बघतच न्हाई, दिव्यांकडं बघत हिंडतो. हेच ते अंदोन म्हणायचं का?

पाटीपेन्सिल | रविवार, दुपारी २:२०

@खर्चीवाला दादा, हेच ते. आणि तुम्ही 'लिहिणारा न्हाई' म्हणू नका. या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे.

क्यूसी_चाकण | रविवार, रात्री ८:४५

आता आमची कथा. कंपनीचं नाव विचारू नका, हप्ते चालू आहेत.

दहा वर्षांपूर्वी आमच्या प्लांटात मोठा गाजावाजा करून अंदोनची दोरी लावली. सल्लागार आले, फित कापली, पेढे वाटले. पहिल्या आठवड्यात एका कंत्राटी पोराने दोरी ओढली, ब्रॅकेटचं भोक तिरकं होतं म्हणून. खरंच तिरकं होतं. सुपरवायझर आला आणि पहिला प्रश्न काय, तर "कुणी ओढली?" पोरगं पुढच्या महिन्यात दिसलं नाही. दोन महिन्यांनी बघतो तर दोरी वर गुंडाळून पाइपाला बांधलेली, हाताला येऊ नये म्हणून! ऑडिट असलं की सोडायची, ऑडिट गेलं की पुन्हा बांधायची. बांधायला ठेवलेला माणूस मात्र वेळेचा पक्का.

पोकायोकेचं तसं नाही, ते आमच्याकडे खरंच चालतं, कारण त्यात कुणी कुणाला तोंड द्यायचं नसतं. पार्ट उलटा बसतच नाही, विषय संपला. हे शिगेओ शिंगोंनी मांडलं. १९६१ मध्ये ते एका कारखान्यात गेले. तिथे एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा टाकायच्या असत आणि बाया कधीकधी एक विसरत. त्यांनी सांगितलं, आधी दोन स्प्रिंगा बशीत काढा, मग जुळणी करा. बशीत एक उरली म्हणजे चुकलं. एवढंच. आधी त्याला 'बाकायोके' म्हणत, म्हणजे मूर्खांपासून बचाव. ते ऐकून एक कामगार बाई रडली, म्हणून 'पोका' केलं, म्हणजे नजरचूक. आमच्या सुपरवायझरला हा भाग शिकवायचा राहिला.

तिरफळ | रविवार, रात्री ९:१०

म्हणजे संस्कृतीच की हो! दोरी तीच, पाइपही तोच, फक्त माणसं आपली. जपानी माणूस मुळातच जबाबदार, आपण मुळातच 'चलता है'. विषय संपला.

जुनाट_गिरणी | रविवार, रात्री ९:५५

नाही संपला.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जनरल मोटर्सचा कारखाना होता. गैरहजेरी, दारू, सारखे संप, मुद्दाम बिघडवलेल्या गाड्या. १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच पुन्हा उघडला, नुम्मी नावाने. कामगार बहुतांश तेच, युनियन तीच. काहींना शिकायला जपानला पाठवलं. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जपानी कारखान्याच्या जवळ जाऊन बसली. कामगारांचं रक्त बदललं नव्हतं. दोरी ओढल्यावर साहेब काय विचारतो, ते बदललं होतं.

आणखी एक. १९५० मध्ये टोयोटा बुडायला आली होती. मोठा संप झाला, दोन हजारांच्या वर लोक गेले, किइचिरो टोयोडांनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. त्यानंतर उरलेल्यांशी जो समझोता झाला त्यात नोकरीची हमी होती. नोकरी जाणार नाही हे माहीत असलेला माणूस दोरी ओढतो. चाकणच्या त्या कंत्राटी पोराला काय माहीत होतं? झेन वगैरे राहू द्या बाजूला, आधी हजेरीपत्रक काढा.

निशिकासाईकर | सोमवार, पहाटे ५:३० (इथे ९ वाजलेत)

तोक्योत अकरा वर्षं आयटीत आहे. कारखान्यातला जपान आणि ऑफिसातला जपान हे दोन वेगळे देश आहेत, एवढंच सांगायला आलो.

घर भाड्याने घेताना माझ्या नावाचा शिक्का करून घ्यावा लागला. आडनाव मोठं, शिक्का बोटाएवढा, अक्षरं मुंगीएवढी. २०२० मध्ये करोनात सगळे घरून काम करत असताना लोक फक्त शिक्का मारायला लोकलने ऑफिसला जात होते. तेव्हा मंत्री तारो कोनो यांनी शिक्क्यांविरुद्ध मोहीम उघडली, नंतर फ्लॉपीविरुद्ध. हो, फ्लॉपी! सरकारी नियमांत हजाराच्या वर ठिकाणी अर्ज फ्लॉपीवर वगैरे द्या असं लिहिलेलं होतं. ते काढून संपले २०२४ मध्ये.

आणि दोरीचं म्हणाल तर दायहात्सु बघा. टोयोटाच्याच घरातली कंपनी. डिसेंबर २०२३ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला: सुरक्षा चाचण्यांत फेरफार, ६४ मॉडेलांमध्ये, काही प्रकरणं तीसेक वर्षांपूर्वीची. कारण काय दिलं, तर वेळापत्रक इतकं आवळलेलं की चाचणी नापास झाली असं म्हणायची सोयच नव्हती. लाइनवर दोरी, चाचणी विभागात नाही.

पाटीपेन्सिल | सोमवार, सकाळी ७:५०

@निशिकासाईकर, शिक्का माझ्याकडेही आहे, ड्रॉवरमध्ये. टाकवत नाही. दायहात्सुचा मुद्दा मात्र माझ्या लेखाच्या वर्मी लागला.

फ्लॉपीवाल्या देशाचीच एक वस्तू मी काल मंडईत बघितली. कोथिंबिरीच्या जुडीला टेकवून ठेवलेला क्यूआर, एका कोपऱ्यात चिखलाचा डाग. तरी पैसे गेले. त्याचं मूळही याच घरात आहे.

ओनोंची कानबान पद्धत म्हणजे प्रत्येक खोक्याबरोबर एक चिठ्ठी. माल वापरला की चिठ्ठी मागे जाते आणि तेवढाच माल पुन्हा येतो. पुढे या चिठ्ठ्यांवर बारकोड आले. एका बारकोडात जेमतेम वीस अक्षरं मावत, म्हणून एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड आणि तेवढ्याच वेळा टूँ टूँ. देन्सो ही १९४९ मध्ये टोयोटातून वेगळी झालेली सुट्या भागांची कंपनी. तिथल्या कामगारांनी तक्रार केली की हात दुखतात. मासाहिरो हारा आणि त्यांचा एक सहकारी १९९२ मध्ये कामाला लागले, १९९४ मध्ये क्यूआर बाहेर आला. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची कल्पना हारांना जेवणाच्या सुट्टीत 'गो' खेळताना सुचली.

खरी अडचण होती स्कॅनरला कोड चटकन सापडण्याची. त्यासाठी तीन कोपऱ्यांत ते चौकोन. आसपासच्या छपाईत सहसा न सापडणारी खूण हवी होती, म्हणून त्यांनी मासिकं, जाहिराती, पुठ्ठ्याची खोकी, जे हाती लागेल ते तपासलं आणि काळ्यापांढऱ्याचं एक प्रमाण काढलं: १:१:३:१:१. कुठल्याही कोनातून आडवी रेघ मारा, चौकोनाच्या मध्यातून तेच प्रमाण येतं. आणि कारखान्यात तेल-ग्रीस लागणारच, म्हणून कोडाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचता यावा अशी सोय. कोथिंबिरीचा चिखल त्या ग्रीसच्या हिशेबात आधीच धरलेला आहे!

पेटंट देन्सोकडे होतं, पण प्रमाणाप्रमाणे वापरणाऱ्या कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं.

कांजीवडा | सोमवार, सकाळी १०:२०

थोडं विषयांतर. साकिची १८६७ चे, आपले लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ चे. एक मागामागे, एक लोखंडी नांगरामागे. १९१० मध्ये साकिची अमेरिकेत गिरण्या बघत होते आणि लक्ष्मणराव कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवत होते. १९९७ मध्ये लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर टोयोटाचे भागीदार झाले, बिडदीच्या कारखान्यात. त्याच्याही आधी दोन्ही घरांची भागीदारी झाली होती ती सूतगिरणीच्या यंत्रांसाठी, म्हणजे पुन्हा धाग्यातच.

ओसरी | सोमवार, दुपारी ३:०५

सगळे यंत्र आणि साहेबावर बोलताहेत, म्हणून एक आठवण. २००२ मध्ये टोयोटाच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीतला ३० वर्षांचा कामगार कामावरच कोसळून गेला. त्याच्या बायकोने दावा लावला. २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने तो अतिश्रमाने झालेला मृत्यू ठरवला. कामाचे तास किती हा वाद होता, कारण सुधारणा सुचवायच्या बैठका 'स्वेच्छेच्या' म्हणून तासांत धरल्याच नव्हत्या. न्यायालयाने त्या धरल्या. पुढल्या वर्षी कंपनी त्या वेळेचे पैसे द्यायला लागली. ज्या कायझेनचे, म्हणजे सतत सुधारणेचे, आपण पोस्टर लावतो ते रात्री, पाळी संपल्यावर, फुकट चाललं होतं.

क्यूसी_चाकण | सोमवार, रात्री ९:३०

@ओसरी, आमच्याकडे कायझेन शीट दर महिन्याला दोन भरायच्याच असतात. मी गेल्या महिन्यात 'कायझेन शीट एक करावी' असं कायझेन दिलं. मंजूर नाही.

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०:४०

माझं मत सांगते म्हटलं होतं. लिहायला बसले तेव्हा 'संस्कृती' असं लिहिणार होते. आता तसं लिहवत नाही. अक्षरात माणूस घालणं ही संस्कृती असेल, पण १९५० चा समझोता, नुम्मीतला साहेब, २००७ चा निकाल, ही सगळी भांडून मिळवलेली कामं आहेत. नागोयात माझ्या शेजारी उभे राहणारे ओजीसान (काका) दिवसातून दोन-तीनदा दोरी ओढायचे आणि लीडर पळत येऊन आधी "आरिगातो", म्हणजे धन्यवाद, म्हणायचा. मला ते सवयीचं सौजन्य वाटायचं. त्यामागे एवढं सगळं असेल हे तेव्हा कळलं नाही.

खर्चीवाला | पुढच्या रविवारी, सकाळी ११:१५

धागा वर काढतोय. साधे माग सुधारायची केंद्र सरकारची एक योजना होती, त्यात ताण्याला ड्रॉपर, म्हणजे वर सांगितलेल्या त्या पत्र्याच्या पट्ट्या, बसवून मिळायचे. तेव्हा मी घेतले नव्हते. या आठवड्यात जॉबरला, म्हणजे मागाच्या मिस्त्रीला, बोलावून स्वतःच्या खर्चानं दोन मागांना बसवून घेतले.

पहिल्या दिवशी माग इतक्यांदा थांबला की कामगार वैतागला. म्हणाला, मालक, हे काढून टाका, पूर्वी एवढा थांबत नव्हता. मी म्हटलं, पूर्वी थांबत नव्हता, धागे तर तेवढेच तुटत असणार की. मग दोघं मोजत बसलो. एकाच बीमावर, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावर, जास्त तुटतंय. दुसरा बीम बरा चाललाय. म्हणजे मागाचा दोष न्हाई, सायझिंगला, म्हणजे ताण्याला खळ लावतात तिथं, खळ कमी लागली असणार.

सायझिंगवाल्याला कालपासनं फोन करतोय. उचलत न्हाई.